पाय तिचा, पेडल त्याचं

माझ्या बायकोच्या उजव्या पायाला जे कळतं ते माझ्या दोन्ही हातांना कळत नाही. आज मी हे मान्य करतो. तेव्हा करत नव्हतो, आणि ही गोष्ट तेव्हाची आहे.

माझं काम ब्रेकचं. इंजिन, गिअर, वायरिंग यांत मी कधी हात घातला नाही. एका गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान होतं, आत एक खड्डा, खड्ड्यावर गाडी आणि खड्ड्यात मी. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल उशीसारखं दबतं. ऑइल जागचं हलत नाही, नुसती हवा दबते, आणि पाय तळाला टेकला तरी गाडी आपल्या चालीनं चालत राहते. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. खालचा म्हणाला ‘दाब’ की वरच्यानं पेडल दोन-तीनदा मारून खाली न्यायचं. ‘धर’ म्हटलं की तसंच धरून ठेवायचं. मग खालचा चाकामागचं निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, पान्यानं पाव फेरा सैल करतो, ऑइल येतं, त्यातून बुडबुडे येतात. निपल आवळून झालं की मग ‘सोड’. त्याच्या आधी पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. सगळ्यात लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी.

माझ्याकडे पेडल मारणारा एक माणूस होता. तो एक दिवस न सांगता दुसरीकडे लागला. त्याच दुपारी बायको माझा डबा घेऊन आली होती. मी खड्ड्यातूनच म्हणालो, जरा वर बस आणि मी सांगतो तसं कर. तिनं डबा बाजूला ठेवला, चपला खाली काढल्या आणि चढली. चप्पल घालून पेडल दाबलं तर काही कळत नाही, असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत आली.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं मला वरून सांगितलं, मागच्या डाव्या चाकात अजून हवा आहे. मी म्हणालो, तुला काय ठाऊक. पण निपल पुन्हा सैल केलं, तर तीन बुडबुडे आले, मटारएवढे. त्यानंतर एकवीस वर्षं तिचा पाय आणि माझा पाना असंच चाललं. गिऱ्हाइकं थट्टा करायची, की ब्रेकवाला गाडीखाली आणि ब्रेकवाला बायकोच्या पायाखाली. मीही हसायचो. तिचा पाय माझ्या दुकानाचा आहे, जॅक आहे तसा, याबद्दल मला शंका नव्हती.

आम्हाला मूल नाही. माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्याला हिनंच वाढवलं. मोठा झाल्यावर तो माझ्याकडेच काम शिकला. हात चांगला. पुढे त्याला एका मोठ्या कारखान्याच्या गॅरेजात नोकरी लागली आणि तो परगावी गेला. तिथून दोन वर्षं त्याची पत्रं यायची. ती वहिनीच्या नावानं यायची, कारण मला वाचता येत नव्हतं.

मत्सराचं मूळ तिथे आहे, हे मला फार उशिरा कळलं. ती पत्र उघडायची, आधी स्वतः वाचायची, वाचता वाचता हसायची, आणि मग मला वाचून दाखवायची. मला दाखवताना ती हसायची तिथे हसण्यासारखं काही नसायचं. मला वाटायचं, मधल्या दोन ओळी ही गाळते आहे. संशय वाईट अर्थाचा नव्हता. तो तिचा मुलगाच होता म्हणा ना. पण पोटात दुखायला तेवढं मोठं कारण लागत नाही. आपल्या घरात दोघांचं काहीतरी चाललंय आणि तिसरे आपण, एवढं पुरतं.

म्हणून एकोणसाठाव्या वर्षी मी तिला म्हणालो, मला अक्षरं शिकव. तिला फार आनंद झाला. कारण मी सांगितलं नाही. शटरच्या आतल्या बाजूला खडूनं ती लिहायची, मराठी आणि डब्यांवरची इंग्रजीही, आणि मी गिरवायचो. आठ-नऊ महिन्यांत मला पत्र वाचता येऊ लागलं. ती कुठल्याच ओळी गाळत नव्हती. ‘दादाला सांग, खड्ड्यात उतरताना गुडघ्याला पट्टा बांध,’ असं काहीतरी लिहिलेलं असायचं आणि ती त्यावर हसायची.

आता डब्यांचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते डब्यांमुळे. ब्रेक ऑइल म्हणतात सगळे, पण ते तेल नव्हेच. ते पाण्यात मिसळतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. डबा उघडा राहिला की त्यात पाणी शिरलं म्हणून समजा. लांब उतारावर चाकं तापली की ते पाणी उकळतं आणि पेडल पोकळ होतं. म्हणून मी मोठ्या कॅनमधून लहान डब्यांत काठोकाठ भरायचो आणि झाकणाला मेण लावायचो. आणि खरं तेल, म्हणजे स्टिअरिंगचं किंवा जॅकचं, चुकून ब्रेकमध्ये गेलं तर त्याहून वाईट. आतली रबरं ते तेल पितात आणि फुगतात. फुगलेली रबरं चाक सोडत नाहीत, चाक तापत जातं, आणि कुठल्यातरी उताराच्या मध्यावर ती रबरं फाटतात. मग पायाखाली काहीच उरत नाही.

वाचता येत नव्हतं तेव्हा मी डब्याच्या कडीला सुती दोरा बांधायचो. एक गाठ ब्रेकचं, दोन गाठी जॅकचं, तीन गाठी स्टिअरिंगचं. धाकट्याला लहानपणापासून वाचता येत होतं, तरी तो गाठीच चाचपायचा. हात भरलेले असताना अंधाऱ्या कपाटात गाठ लवकर कळते.

मला अक्षरं आली आणि मी शेफारलो. दुकानात दिसेल त्यावर चिठ्ठी चिकटवली. डब्यांवर तर चिकटवलीच, पण हातोड्यावर ‘हातोडा’ आणि बादलीवर ‘बादली’ असंही लिहिलं. गाठींकडे बघणं सोडून दिलं. रिकामा डबा हाताला लागला की त्यात हवं ते भरायचं, मेण लावायचं, वर चिठ्ठी डकवायची. दोरे तसेच राहिले. ते कापायला काय लागलं असतं, एक ब्लेड. पण आता मी वाचणारा माणूस होतो.

धाकटा नोकरी सोडून परत आला तेव्हा माझ्या दुकानात शिरून खूप हसला. म्हणाला, ‘दादा, माझ्याही पाठीवर एक डकव, भाऊ म्हणून.’ त्या रात्री जेवताना त्याला तिनं तीनदा वाढलं.

परगावी त्यानं एक मशीन पाहिलं होतं. गाडीच्या ब्रेक ऑइलच्या वरच्या टाकीला जोडायचं, त्यात ब्रेक ऑइल ओतायचं, दाब द्यायचा आणि एकेक निपल सैल करत जायचं. पेडल मारायला माणूस लागत नाही. ते आपण घेऊ या, असं तो म्हणत होता. मी नको म्हणालो. तो दोन महिने समजावत राहिला, मी दोन महिने नको म्हणत राहिलो. शेवटी त्यानं गल्लीतच, माझ्या दुकानासमोर पण जरा तिरकी अशी एक जागा घेतली आणि तिथे मशीन आणलं. निघताना त्यानं विचारलं, मागच्या फळीवरचे थोडे डबे नेऊ का, सुरुवातीला उपयोगी पडतील. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून म्हणालो, हवे ते ने. तो डबे हातगाडीवर ठेवत होता तोवर मी एकच ओळ वाचत बसलो. ती ओळ कशाबद्दल होती ते आजही सांगता येणार नाही.

मला वाटलं होतं, मशीन आहे, म्हणजे निदान हिचा पाय तरी माझ्याकडे राहील. पण पंधरा दिवस झाले नाहीत तोच तो दुकानाच्या पायरीशी आला आणि मला नाही, तिला म्हणाला, ‘वहिनी, जरा पाय लावून बघतेस का? मशीननं हवा काढलीय, पण तू सांगितल्याशिवाय मला गाडी सोडवत नाही.’

ती गेली. मग रोज जाऊ लागली.

माझ्या बाकावरून त्याच्या दुकानाचा अर्धा दरवाजा दिसायचा. तिथे पायरीवर तिच्या चपला दिसायच्या. चपला दिसल्या की ती आत, कुठल्यातरी सीटवर, अनवाणी पाय पेडलवर ठेवून, डोळे मिटून बसलेली असणार. ती डोळे मिटते हे मला ठाऊक होतं, कारण एकदा मी खड्ड्यातून लवकर वर आलो होतो. तो त्या वेळी खिडकीशी उभा राहून वाट बघत असणार. मी एकवीस वर्षं खाली असायचो, त्यामुळे तिच्याकडे बघत वाट बघायची माझी कधी वेळच आली नव्हती. ती त्याला मिळत होती.

आणि त्यानं तिच्यासाठी सीटवर एक कुशन ठेवलं होतं. निळं, फुलाफुलांचं. माझ्याकडे ती फाटक्या सीटांवर बसली, स्प्रिंगा टोचल्या, कधी बोलली नाही. आता कुशन.

संध्याकाळी मी विचारायचो, आज किती गाड्या झाल्या?

‘कुणाच्या?’ ती विचारायची.

माझ्याकडच्या गाड्या तिला माहीतच असायच्या, कारण त्यांची पेडलंही तीच मारत होती. माझ्या हाकेला ती एकदाही नाही म्हणाली नाही. पण मी हाक मारायची आणि ती समोरून यायची, यातच सगळं आलं. तिच्या बोटांना त्याच्या दुकानातली काळी धूळ लागलेली असायची. ती माझ्या दुकानातल्यासारखीच होती, पण मला ओळखू यायची.

अशा दिवसांत खाणीची बस आली. वरच्या दगडाच्या खाणीवर माणसं नेणारी-आणणारी ती जुनी बस, रोज दोनदा खाणीवरून खाली येणारा लांब उतार उतरणारी. तिचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नसे, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणायचे. अकरा वर्षं त्या बसचे ब्रेक मी केले होते. त्या दिवशी भोंग्यानं बस माझ्या दुकानासमोर हळू केली, हॉर्न वाजवला, हात केला आणि पुढे नेऊन धाकट्याकडे लावली. नंतर येऊन मला सांगून गेला, की दोन तासांत होतं तिकडे, मालक घाई करतात, राग मानू नका. मी म्हणालो, राग कसला. अंगाचा तिळपापड झाला होता.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, ‘आज खाणीच्या बसचं पेडल जरा वेगळं लागलं. खाली नीट गेलं, घट्ट होतं. पण वर येताना आळसावलं. पायाच्या मागून येत होतं.’

घास माझ्या हातातच राहिला. पेडल वर यायला आळसावतं त्याची दोनच कारणं. एक, स्प्रिंग मऊ झाली. दुसरं, आत तेल गेलं आणि रबरं फुगायला लागली. स्प्रिंगनं पेडल लोंबतं, ते पायाच्या मागून येत नाही. म्हणजे दुसरंच. धाकट्यानं कुठलातरी चुकीचा डबा आणला होता. मला ते त्या क्षणी कळलं, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण बरंच वाटलं.

‘काय असेल?’ तिनं विचारलं.

‘स्प्रिंग असेल,’ मी ताटाकडे बघून म्हणालो.

मी स्वतःची समजूत घातली ती अशी, की बस अजून गॅरेजातच आहे, उतारावरची चाचणी व्हायचीय, उद्या धाकट्याला आपोआप कळेल, पेडल अडकेल, भोंगा ओरडेल, आणि मग ती दोघं माझ्याकडे येतील. तेवढं झालं की मी सांगणार होतो. कोणाचं नुकसान होऊ द्यायचं माझ्या मनात नव्हतं. फक्त त्यानं यावं आणि तिनं ते बघावं, एवढंच होतं.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आलाच. म्हणाला, ‘वहिनीनं सांगितलं, तू स्प्रिंग म्हणालास. बदलली लगेच. पण आता हे बघ.’ त्याच्या हातात टाकीच्या झाकणातलं रबर होतं. सकाळी झाकण उघडलं आणि परत बसेचना, असं तो सांगत होता. रबर फुगून कानाच्या पाळीसारखं झालं होतं. माझा संशय खरा ठरला. मी ते चिमटीत धरून उलटंपालटं केलं. एक शब्द पुरे होता.

‘मशीनला विचार,’ मी म्हणालो.

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, म्हणजे मूड ठीक आहे. जुनं रबर असेल, माझ्याकडे दुसरं आहे ते बसवतो, असं म्हणून तो निघाला. जाता जाता सांगून गेला, की चार वाजता उतारावर चाचणी आहे. वहिनीही येणार आहे, खाली पोचल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय लावून बघते म्हणाली.

रबर माझ्या बाकावरच राहिलं.

मी वर्तमानपत्र उघडलं. चार वाजेपर्यंत मी काही काम केलं असेल तर आठवत नाही. ती घरातली आवराआवर करून आली, दाराशी थांबली आणि म्हणाली, ‘मी बसमधून जाऊन येते. तासभर लागेल.’

हीच वेळ होती. माझ्या तोंडून निघालं ते असं:

‘कुशन घेऊन जा.’

ती माझ्याकडे बघत राहिली. गल्ली ओलांडून गेली, आणि पायरीवर चपला न काढता तशीच बसमध्ये चढली. चाचणीला जाताना ती चपला घालूनच जायची, हे मला माहीत होतं. तरी मी त्या रिकाम्या पायरीकडे बघत राहिलो. इंजिन सुरू झालं. बाकावर ते रबर कानासारखं पडलं होतं.

मी उठलो. बासष्टाव्या वर्षाला टेकलेला, गुडघ्यानं अधू माणूस जितका धावेल तितका धावलो आणि बस गल्लीत वळली तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. जन्मभर ब्रेकचं काम केलेल्या माणसानं, ज्या गाडीच्या ब्रेकवर भरवसा नाही हे फक्त त्यालाच ठाऊक आहे, त्याच गाडीपुढे उभं राहावं! भोंग्यानं हँडब्रेक ओढला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हॉर्न वाजवायच्या आधी गाडी थांबवली असेल.

‘खाली उतर,’ मी तिला म्हणालो.

‘का?’

‘ती स्प्रिंग नव्हती.’

धाकटा मागून धावत आला. माझ्यात अजून विष शिल्लक होतं. ती खिडकीत होती, भोंगा होता, गल्लीतली चार माणसं थांबली होती. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, कुठलं तेल ओतलंस रे? एवढं मशीन घेतलंस, डब्यावरचं वाचायला काय झालं होतं?

तो गोंधळला. म्हणाला, नवा डबा अर्ध्यातच संपला, म्हणून एक जुना काढला. आत जाऊन तो डबा घेऊन आला आणि माझ्या हातात दिला.

डबा माझा होता. कडीला सुती दोरा, दोऱ्याला एक गाठ. पोटावर चौकोनी डाग होता, खळीचा. तिथे कधीतरी माझी चिठ्ठी होती. तेल झिरपून ती सुटून पडली होती.

‘तुझी एक गाठ आहे, दादा,’ तो म्हणाला. ‘मग मी आत कशाला बघू?’

मशीनच्या टाकीत ओतताना त्याचा हात लागला नव्हता, नाहीतर बोटांना कळलं असतं. मी पाण्याचा ग्लास मागवला आणि डब्यातले चार थेंब त्यात टाकले. ब्रेकचं असतं तर पाण्यात नाहीसं झालं असतं. ते वर तरंगत राहिलं, मधाच्या रंगाच्या चकत्या होऊन. जुन्या लॉऱ्यांच्या स्टिअरिंगचं तेल होतं ते. मीच भरलं होतं आणि मीच मेण लावलं होतं.

सगळे ग्लासाकडे बघत होते. धाकट्यानं इतके दिवस माझं काहीच टाकलं नव्हतं, हे मला दिसलं. मशीन आणलं, पण आतल्या कपाटात हात घातल्यावर तो अजून माझी गाठच चाचपत होता. सोडलं होतं ते मी.

मी म्हणालो, ‘ही गाठ खोटी आहे. मी खोटी केली. वाचायला शिकल्यावर मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.’

तो काही बोलायच्या आत ती बसमधून उतरली. तिला गाठीचं काही पडलं नव्हतं.

‘काल जेवताना तुम्हाला कळलं होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘आणि आज सकाळी हा रबर घेऊन आला तेव्हा?’

‘तेव्हा तर नक्कीच.’

‘आणि मी निघाले तेव्हा कुशन घेऊन जा म्हणालात.’

भोंगा सीटवर बसून स्टिअरिंगकडे बघत होता. धाकट्यानं ग्लास उचलला आणि नळाशी जाऊन ओतला. तिथे तो गरजेपेक्षा जास्त वेळ थांबला.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं भाऊ त्या बसखाली होतो. तेल शिरलं होतं तिथलं प्रत्येक रबर काढून टाकलं. पेडलनं ऑइल ढकलणारा वरचा मास्टर सिलिंडर, चारही चाकं, होसपाइप, सगळं. लोखंडी नळ्या स्पिरिटनं धुतल्या, हवा मारून कोरड्या केल्या. खाणीच्या मालकाला मी स्वतः जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. धाकट्याच्या मशीनमधली रबरंही फुगली होती, ते उघडून बाजूला ठेवावं लागलं. या दोन दिवसांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवण वाढायची आणि उठून जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑइल भरायची वेळ आली. धाकट्यानं सीलबंद नवा डबा आणला आणि माझ्यासमोर धरला. मी बसच्या टाकीचं झाकण घेतलं. त्यावर उठावाची अक्षरं असतात, कुठलं ऑइल घालायचं ते गाडी स्वतः सांगत असते, पण अकरा वर्षांचा मळ त्यात बसला होता. मी अंगठ्यानं खरवडलं, चिंधीनं पुसलं. ‘डॉट चार,’ मी वाचलं. डब्यावर बघितलं, तिथेही तेच होतं. दोन्हीवर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं. धाकटा म्हणाला, झालं ना समाधान? मी म्हणालो, तूही वाच. त्यानं वाचलं.

मशीन बंद होतं, म्हणजे हवा जुन्या पद्धतीनं काढायची. मी तिच्याकडे बघितलं. ती दाराला टेकून उभी होती.

‘आज मी पाय लावणार नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही बसा वर.’

धाकटा खड्ड्यात उतरला. मी चढलो. सीटवर ते निळं कुशन होतं. मी ते उचलून बाजूला ठेवणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, बसा त्याच्यावर, काही चावत नाही. मग म्हणाली, हे मीच शिवलंय. तुमच्या दुकानात असंच एक दोनदा ठेवलं होतं. दोन्ही वेळा तुम्ही त्याला हात पुसलेत.

मी बसलो. बूट काढले. पेडल गार होतं.

‘दाब,’ खालून धाकटा म्हणाला. मी दाबलं. ‘धर.’ मी धरलं. निपल सैल झालं तसं पेडल पायाखालून खचत गेलं. एकवीस वर्षं मी खालून ‘धर’ म्हणत आलो, पण वर बसलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन अशी जाते हे मला माहीत नव्हतं. मी घाबरून पाय उचलला.

‘आली आत,’ खालून आवाज आला. ‘पुन्हा.’

‘सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नसतं,’ ती दारातून म्हणाली. ‘मी एकदा सोडलं होतं तेव्हा तुम्ही केवढे ओरडला होतात.’

मी त्या दिवशी तीनदा आधी सोडलं. धाकटा एकदाही ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. चारही चाकं व्हायला दुपार झाली. मी शेवटचं पेडल दाबून डोळे मिटून बघितले. घट्ट होतं. पण हवा राहिलीय का, कुठे राहिलीय, वर कसं येतंय, मला काहीही कळलं नाही. पेडल म्हणजे पेडल. मी उतरलो आणि दार उघडं ठेवलं. तिला बोलवायची मला हिंमत झाली नाही.

ती स्वतःच आली. चपला काढून माझ्या बुटांशेजारी ठेवल्या, चढली, पाय लावला. एकदा, दोनदा, मग बराच वेळ धरून. मी आणि धाकटा खिडकीशी उभे होतो. तिचा चेहरा इतक्या जवळून, असा काम करताना, मी पहिल्यांदा बघत होतो. काही न सांगता ती उतरली, चपला घातल्या आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. ‘चल,’ तोवर येऊन थांबलेल्या भोंग्याला म्हणाली, ‘उतार उतरून बघू.’

बस गेली. आम्ही दोघं पायरीवर बसलो. धाकट्यानं तो एका गाठीचा डबा समोर ठेवला आणि ब्लेड दिलं. मी ब्लेड घेतलं नाही. त्याच दोऱ्याला आणखी दोन गाठी मारल्या. बोटांना अजून येत होतं. तो म्हणाला, चिठ्ठीपण डकव. मी तीही लिहिली.

बस परत यायला पन्नास मिनिटं लागली. ती मी मोजली. मत्सर गेला होता असं मी म्हणणार नाही. हॉर्न ऐकू आला आणि आम्ही दोघंही उठून पुढे झालो, तेव्हा ती कुणाला आधी सांगते याकडेच माझं लक्ष होतं. तिनं कुणालाच सांगितलं नाही. भोंग्याला म्हणाली, जा आता, वर माणसं खोळंबली असतील. आणि आमच्या मधून चालत घरी गेली. पेडल बरं असल्याशिवाय तिनं बस सोडली नसती, हे आम्हा दोघांना कळत होतं. तरी आम्ही तसेच उभे राहिलो.

तिच्या तोंडून मला ते संध्याकाळी कळलं, जेवताना. तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर ताट घेऊन बसली होती.

‘वर येतं आता,’ ती म्हणाली. ‘पायाबरोबर येतं.’

मी घास खाली ठेवला आणि मान वर करून ऐकलं.